चारशे बारा माणसांची पोच

लखनौ, १२ ऑगस्ट १९९२

प्रिय मधुकर,

तू गेल्याला सात आठवडे झाले. तासगावला सुखरूप पोचल्याचं अण्णांच्या कार्डावरून कळलं. तुझं कार्ड आलं नाही.

तुझं सामान इथे राहिलंय. तपकिरी स्वेटर, सायकलचा पंप आणि कार्बन पेपरचं जवळपास भरलेलं खोकं. सरला म्हणाली, स्वेटर तरी पार्सल करा. मी म्हटलं, तासगावात त्याचा काय उपयोग, परत येईल तेव्हा घालेल. तिने माझ्याकडे बघितलं आणि भाजी चिरायला गेली. अवनी रोज विचारते, “मामा कब आएँगे?” बारा वर्षांची झाली तरी मराठीत विचारायला तयार नाही. तू होतास तेव्हा निदान भांडण्यापुरती मराठी बोलायची.

ऑफिसात जे झालं ते मनाला लावून घेऊ नकोस. तू हंगामी होतास, आणि हंगामी माणसाची नोकरी अशीच जाते. मी तुझ्याविरुद्ध एक शब्द बोललेलो नाही. चौकशीत मला एवढंच विचारलं की कटरी सुखनपूरच्या मोजणीचा तुझा कागद माझ्याकडे आला होता का. मी म्हटलं, “रेकॉर्ड में नहीं है.” ते खरंच आहे. रेकॉर्डमध्ये नाही.

खरं तर हे सगळं नदीचं काम. हरखपूर आणि सोहनगंज या दोन जिल्ह्यांची हद्द म्हणजे घाघरेची खोल धार. इथे त्याला धारधुरा म्हणतात. धार सरकली की हद्द सरकली. सहाशे चाळीस गावं आणि चार तहसिली असलेल्या जिल्ह्यात असं एखादं गाव दोन्हीकडून निसटणारच. १९८१ साली सुखनपुरात तीनशे अठ्ठ्याऐंशी माणसं होती, आणि ९१च्या जनगणनेच्या पुस्तकात शून्य छापलं गेलं. वरून विचारणा झाली. तू तिथे गेल्याचं दौऱ्याच्या नोंदीत होतं, पण मोजलेला आकडा कुठेच नव्हता. मग त्यांनी अर्थ लावला की तू गेलाच नव्हतास. मी काय करणार होतो?

अण्णांना नमस्कार. दोन ओळी टाक.

तुझा,
दाजी

*

लखनौ, ४ ऑक्टोबर १९९२

प्रिय मधुकर,

दसऱ्याचा आशीर्वाद.

माणकनगरच्या रेल्वेवाल्यांच्या गणपतीला आम्ही गेलो होतो. आरतीला नीलमवहिनींनी सगळ्यांसमोर विचारलं, “मधूभावजी कुठेत? झांजा कुणाच्या हातात द्यायच्या?” मी म्हटलं, त्याला सांगलीला चांगली नोकरी लागली. त्या म्हणाल्या, “अरे वा! मग पेढे कुठेत?” सरला शेजारीच उभी होती. परत येताना ती स्कूटरवर मागे बसली खरी, पण खांद्यावर हात ठेवला नाही. घर येईपर्यंत सीटच्या पट्ट्याला धरून बसली.

ती मला काही विचारत नाही. तू तिला काही लिहिलंस का?

माझी बाजूही समजून घे. आठ वर्षांत माझ्या टेबलावरून एकही तक्ता तारखेच्या नंतर गेलेला नाही. आपले साहेब भास्कर मिश्राजी नव्या लोकांना माझं टेबल दाखवून सांगतात, काम कसं करायचं ते यांच्याकडून शिका. ही पत अशीच येत नाही. तुला चिकटवून घेतानाही मी तीच वापरली होती, हे मी बोलून दाखवत नाही.

लिहिलं की दाखवलंच म्हणा.

दाजी

*

लखनौ, १९ मे १९९३

प्रिय मधुकर,

मध्ये बरेच महिने गेले. डिसेंबरात इथे कर्फ्यू होता, ते तू पेपरात वाचलं असशील. आम्ही ठीक आहोत.

काल ऑफिसात एक माणूस आला. राजाराम निषाद, सुखनपूरचा. डोक्यावर खरबुजांची टोपली, आणि ती खाली न ठेवता दारातूनच म्हणाला, “साहब, हमारा गाँव किस अलमारी में रखा है?” चपराशी हसला. मीही हसलो.

त्यांनी शाळेसाठी अर्ज केला होता. तीनशे वस्ती असेल तर प्राथमिक शाळा मिळते. हरखपूरवाल्यांनी पुस्तक उघडून दाखवलं की तुमच्या गावात माणूसच नाही. सोहनगंजला गेले तर तिथल्या यादीत गावच नाही. मुलं नावेतून चार मैलांवरच्या शाळेत जातात आणि पावसाळ्यात तीन महिने जात नाहीत. “आठ बच्चा पिछले साल नाम कटा के बैठ गया,” म्हणाला. “पुरवे में हैंडपंप वाले आए थे, वो भी किताब देख के लौट गए. कहते हैं, भूत लोग पानी पीते हैं क्या?”

त्याच्याकडे काही कागद होते. मी चाळले. उपयोगाचे नव्हते. मिश्राजींना भेटा असं सांगून त्याला वाटेला लावलं. खरबुजं तो तिथेच ठेवून गेला. चपराशाने सगळ्या टेबलांवर वाटली. माझ्या वाटणीचं मी खाल्लं नाही. हल्ली पोट बरोबर नसतं.

दाजी

*

लखनौ, ३ जून १९९३

मधुकर,

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली नाही, मी लिहिली नाही.

राजारामकडच्या कागदांत पॉलिथिनमध्ये शिवलेला एक कागद होता. निळ्या कार्बनची प्रत. तुझं अक्षर मी झोपेतही ओळखीन. ‘दि. २४ फेब्रुवारी १९९१. कटरी सुखनपूर. गावातली घरं बंद. सर्व कुटुंबं खरबुजाच्या वाड्यांसाठी नदीच्या रेतीवर. झोपड्या ७१, माणसे ४१२.’ खाली एकाहत्तर घरकर्त्यांची नावं. आणि सर्वांत खाली, तुझ्या नेहमीच्या चौकोनात, ‘मूळ प्रत मिळाली, १४ मार्च’ आणि माझी सही. पूर्ण सही नाही. इथे जिला चिड़िया म्हणतात ती, आद्याक्षराची.

अण्णांनी पोस्टात चाळीस वर्षं काढली आणि पोरालाही तीच खोड लावली. तू चहा दिलास तरी त्याची पोच घेशील, असं मी चेष्टेने म्हणायचो. मला वाटत होतं, त्या दिवशीची पोच तू हरवलीस.

राजारामने त्या चिड़ियावर बोट ठेवून विचारलं, “साहब, ये किनकी है?”

मी म्हटलं, “पता नहीं. हमारे यहाँ बहुत लोग आते-जाते रहते हैं.” आणि कागद त्याला परत दिला. वर हेही सांगितलं की कार्बनवरची प्रत सरकारी कामात धरत नाहीत.

त्याने तो पिशवीत नीट ठेवला. तुला तो ‘छोटे साहब’ म्हणतो. सांगत होता, त्या दिवशी रेतीवर लोकांनी तुला विचारलं होतं की आम्ही मोजले गेलो याचा पुरावा काय. तू नंतर मुद्दाम परत जाऊन ही प्रत देऊन आलास.

म्हणजे चौकशीच्या वेळी ती कुठे आहे हे तुला माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतंस. का बोलला नाहीस?

दाजी

*

लखनौ, २ नोव्हेंबर १९९३

मधुकर,

अण्णांच्या दिवसांना मी आलो नाही. रजा मिळाली नाही असं सरलाकडून कळवलं. रजा होती. तुझ्यासमोर उभं राहायची हिंमत नव्हती.

सरला तासगावहून परत आली. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, “मधूने तुमच्याबद्दल एक शब्द काढला नाही. बरं नाही, वाईट नाही. तेरा दिवसांत एकदाही ‘दाजी कसे आहेत’ म्हणाला नाही. मी तेव्हाच ओळखलं.”

“काय ओळखलंस?”

“ते तुम्ही सांगायचं.”

मी तिला सांगितलं. आता तुला लिहितो. तुला माहीत आहे, तरी माझ्या हाताने लिहिलेलं तुझ्याकडे असावं.

तुझा कागद मला १४ मार्चला मिळाला आणि मी तो सुखनपूरच्या तक्त्याला टाचणीने लावला. तक्त्यात मोजणाऱ्या मास्तराने गेरूने आकडे घातलेल्या एकाहत्तर घरांपुढे ‘बंद’ लिहिलं होतं, आणि तुझ्या कागदावर चारशे बारा. मी हरखपूरला विचारलं. ते म्हणाले, रेती आता धारेच्या पलीकडे, सोहनगंजची. सोहनगंजने कळवलं, या नावाचं गाव आमच्या यादीत नाही. नियम होता की दोन्ही तहसीलदारांनी एकत्र जागेवर जावं. दोन तहसीलदार एका नावेत बसल्याचं माझ्या नोकरीत मी पाहिलेलं नाही. सहा महिने पत्रं गेली आणि आली. हरखपूरचे तक्ते पाठवायची तारीख ३० सप्टेंबर. त्या दिवशी चार वाजता सगळा जिल्हा जुळला होता. फक्त तुझा कागद उरला होता.

मी टाचणी काढली. तक्त्यात ‘निर्जन’ लिहिलं आणि बेरजेत शून्य धरलं. तुझा कागद जुन्या गठ्ठ्यात सरकवला, तो पुढे रद्दीत गेला. मनात म्हटलं, ही फिरती माणसं, दहा वर्षांनी पुन्हा मोजणी आहेच. पाच वाजता तक्ते गेले. मिश्राजींनी चहा मागवला.

माझ्या हातून एवढं झालं. चौकशीत बोललो ते त्याहून वाईट.

तक्त्याच्या कोपऱ्यात टाचणीची दोन भोकं आहेत. चौकशीत तो तक्ता पाच जणांच्या हातून फिरला. तू एकट्याने त्या कोपऱ्यावरून बोट फिरवलंस, माझ्याकडे बघितलंस आणि तक्ता टेबलावर ठेवलास. नंतर काहीच बोलला नाहीस. का बोलला नाहीस, असं जूनमध्ये मी तुला विचारलं होतं. सरलाने एका वाक्यात सांगितलं. “माझं घर मोडेल म्हणून.”

ती हल्ली अवनीच्या खोलीत झोपते. जेवायला वाढते. घर मोडलं नाही असं म्हणायचं तर म्हणता येईल.

पंचायतींची नवी रचना चालू आहे. कुठलं गाव कुठल्या ग्रामसभेत, हे ९१च्या पुस्तकावरून ठरणार. सुखनपूर कुठेच नसेल. शाळा राहू दे, त्यांना आता मतही नसेल.

जयसिंग

*

लखनौ, २३ जानेवारी १९९४

मधुकर,

मी सुखनपूरला जाऊन आलो. मूळ कागद रद्दीत गेला, तेव्हा माझ्याविरुद्ध पुरावा म्हणजे राजारामकडची प्रत. ती त्याच्याकडून मागायची, तर सही माझी आहे हे त्याला सांगणं आलं.

तीन बस बदलल्या, मग नाव. धुकं इतकं की नावाड्याला काठ दिसत नव्हता. पलीकडून कुणी भांडं वाजवत होतं, त्या आवाजावर तो वल्हवत होता. रेतीवर वाड्यांसाठी खड्डे खणायचं काम चाललं होतं. राजाराम कमरेइतक्या खड्ड्यात उभा होता. मला बघून वर आला नाही. मी वाकून बोलायला लागलो.

“राजारामजी, वो जो कागज़ पर चिड़िया है, वो मेरी है.”

त्याने फावडं मारलं. “मालूम है.”

“कब से?”

“जिस दिन दिखाए रहे. आप कागज देख के दुइ गिलास पानी पिए. मई में सब पानी पीते हैं साहब, मगर दूसरा गिलास आप बिना प्यास के पिए.”

मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललात? तो हसला. “आपके दफ्तर में, आपकी कुर्सी के सामने? हम तो आपकी किताब में हैं ही नहीं. भूत की गवाही कौन लेगा?”

खड्ड्याभोवती बायका जमल्या होत्या. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, “इहै आय का, जौन हमका मारि डारिस?” कुणी हसलं नाही.

मी प्रत मागितली. राजारामने साफ सांगितलं, “कागज हम न देंगे. एक बार दिए थे, आप लौटा दिए. अबकी कागज के साथ हम चलेंगे.”

आणि तो आला. काल आम्ही दोघे मिश्राजींसमोर बसलो. मी जबाब लिहून दिला, तीन पानं. मिश्राजींनी वाचला, चष्मा काढला. “जयसिंगजी, दो साल बचे हैं. लगी-लगाई पेंशन को अपने हाथ से लात मार रहे हैं. लिख दीजिए कि कागज़ गलती से छूट गया. बस एक शब्द.”

ते मला पटलंही असतं. राजाराम शेजारच्या खुर्चीच्या अगदी कडेला, पिशवी मांडीवर धरून बसला होता. मी म्हटलं, “छूटा नहीं, सर. मैंने निकाला.”

घरी येऊन सरलाला मिश्राजींचं बोलणं सांगितलं आणि जबाबाची नक्कल दाखवली. तिने शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, “गलती से लिहिलंत का कुठे?” म्हटलं, नाही. तिने गॅसवर चहा ठेवला. दोन कप.

जयसिंग

*

लखनौ, १७ मार्च १९९४

प्रिय मधुकर,

तुझ्यावरचा ठपका काढल्याचा आदेश निघाला आहे. ऑफिसकडून तुला रजिस्टरने येईल. पुन्हा कामावर घेण्याचं त्यात नाही. ती जागाच आता राहिली नाही. तुझी दोन वर्षं मी परत देऊ शकत नाही. मी निलंबित आहे, चौकशी सुरू व्हायची आहे. पेन्शनचं काय होईल ते कळायला वर्ष जाईल.

छापलेलं पुस्तक बदलत नाही. सुखनपूरपुढे शून्य आहे ते २००१पर्यंत राहणार. परंतु माझा जबाब आणि तुझी प्रत बघून दोन्ही तहसिलींना हुकूम गेला की पंचायतीच्या यादीसाठी जागेवर जाऊन मोजा. दोन तहसीलदार एका नावेत बसले नाहीतच. दोन लेखपाल बसले, आपल्या तलाठ्यांसारखे.

मला बोलावलं नव्हतं, तरी गेलो. सरलाही आली. म्हणाली, “मधूने जिथे मोजलं ती जागा मला बघायची आहे.” नावेत ती माझ्या शेजारी बसली. नाव हलली तेव्हा माझा दंड धरला आणि काठ येईपर्यंत सोडला नाही.

गेरूचा डबा मीच धरला. रेतीवरच्या झोपड्यांना भिंती नसतात, म्हणून राजारामच्या पोरींनी बांबूच्या फळ्या तयार ठेवल्या होत्या. त्यांवर मी आकडे घालत गेलो. झोपडी क्रमांक एक, राजाराम निषाद. क्रमांक एकोणीसपाशी ती म्हातारी बसली होती. लेखपालाने वय विचारलं. ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “इनसे पूछौ. इनके हिसाब से तौ तीन साल पहिले मरि गए रहन.” या वेळी सगळे हसले. मलाही हसू आलं आणि लगेच गेलं.

झोपड्या चौऱ्याहत्तर, माणसं चारशे सदतीस.

लेखपाल कागद आवरायला लागला, तोच राजारामने नाव ओढून धरली. “पहले पावती.”

“पावती-वावती का नियम नहीं है भाई.”

“छोटे साहब देते रहे. उसी से हम जिंदा हुए.”

मी पिशवीतून तुझं कार्बनचं खोकं काढलं. का नेलं होतं, माहीत नाही. निघताना हाताला लागलं. तीन प्रती केल्या. आकडा, तारीख, चौऱ्याहत्तर नावं. दोन्ही लेखपालांनी कुरकुरत सह्या केल्या. मग राजारामने कागद माझ्यापुढे धरला. “साहब, आप भी. गवाह में.”

लेखपाल हसला. “अरे, ये तो सस्पेंड हैं.”

“तो? नाम भी सस्पेंड हुआ है?” राजाराम म्हणाला, आणि पेनच्या टोकाशी बोट ठेवलं. “पूरा लिखिए. चिड़िया नहीं.”

गुडघ्यावर कागद धरून मी लिहिलं, जयसिंग विठोजी मोहिते. खाली गाव, खाली तारीख. सव्वीस वर्षांच्या नोकरीत एवढं नाव मी फक्त पगाराच्या पहिल्या दिवशी लिहिलं असेल.

एक प्रत राजारामने पॉलिथिनमध्ये घातली. एक लेखपालांकडे. तिसरी या पत्रासोबत तुला पाठवतो. तू उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही.

तुझा,
जयसिंग

मधू, यांनी आजवर तुला काय काय लिहिलं ते मला कधी दाखवलं नव्हतं. आज पाकीट न चिकटवता माझ्या हातात दिलं. यातलं नावेपासून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं, आणि तसंच झालं. चारशे सदतीस मीही मोजले, वेगळे, बोटांवर. आकडा बरोबर आहे. आधीचं तुमचं तुम्ही दोघं जाणा.

स्वेटर पाठवत नाही. येऊन ने.

सरला दीनानाथ माने-मोहिते